बाबांनी गाळलेला प्रश्न

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी आली तेव्हा शाळेत मधली सुट्टी होती आणि मी डबा उघडत होते. वर लिहिलं होतं, ‘बाप्तिस्मा घेणारे उमेदवार’. खाली पाच नावं. चौथं नाव माझ्या मुलीचं. पाठवणारे माझे बाबा, निवृत्त पाळक म्हणजे पास्टर, वय अठ्ठ्याहत्तर. खाली लोकांनी जोडलेले हात आणि पांढरी कबुतरं टाकायला सुरुवातही केली होती. मी डबा तसाच बंद केला. त्या दिवशी दुपारी चौथीच्या पोरांवर मी उगाच खेकसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घरी आल्यावर मुलीला विचारलं, “तुला आबाजींनी बाप्तिस्म्याबद्दल काही विचारलं होतं?” ती तेरा वर्षांची आहे. तिनं मोबाईलवरून मान वर केली आणि म्हणाली, “नाही. का गं?”

बस्स. सत्तावीस वर्षांपूर्वीचं जे मी गिळून बसले होते, ते सगळं पुन्हा घशाशी आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आम्ही बॅप्टिस्ट. आमच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाला कळतं वय यावं लागतं, त्यानं स्वतः ठरवावं लागतं. मग तो मंडळीसमोर उभा राहून आपली साक्ष देतो, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल चार शब्द सांगतो. मंडळी हात वर करून त्याला स्वीकारते. त्यानंतर पाळक त्याला तलावात कमरेइतक्या पाण्यात नेतो आणि सबंध पाण्याखाली घालून वर काढतो. पण पाण्याखाली घालायच्या आधी, तिथं पाण्यात उभं राहूनच, एक प्रश्न विचारावा लागतो. “तू हे स्वतःच्या मनाने करत आहेस काय?” उमेदवारानं हो म्हणायचं. हो आलं नाही तर पुढचं काही नाही.

माझे बाबा हे फार रंगवून शिकवायचे. दुसऱ्या चर्चचे लोक लहान बाळांच्या डोक्यावर पाणी शिंपडतात, त्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “ज्याला विचारलं नाही त्याच्यावर पाणी घातलं, तर तो बाप्तिस्मा होत नाही, ती आंघोळ होते.” लोक हसायचे. वर्षातून तीन-चार वेळा तरी हे व्हायचं. पहिल्या बाकावर आईच्या शेजारी बसून मीही हसायचे. बाबांचा मला फार अभिमान होता तेव्हा.

आम्ही दिघोरीच्या पुढं एका गावात राहायचो. धानाची शेतं, एक मोठा तलाव, तलावाच्या या अंगाला आमचं छोटं चर्च आणि त्याला लागून पाळकाचं घर. बावीस-तेवीस घरांची मंडळी. घर मंडळीचं, त्यामुळं घरातलं सगळंच मंडळीचं, असा एकूण समज. बाया दार न वाजवता थेट चुलीपाशी यायच्या. “काय करून राहिली पास्टरीण बाई?” म्हणत चुलीवरच्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, झाकण उचलून बघायच्या. झिंग्याची भाजी असली तर, “पास्टर साहेबाले बरी चालते ना?” आणि नुसतं वरण असलं तर, “लेकराले असंच खाऊ घालता का?” आई हसायची. ती त्या घरात पंचवीस वर्षं नुसती हसत होती. मला वाटायचं ते झाकण त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावं.

आणि मी म्हणजे पास्टरची पोरगी. मला शाळेत नाव होतं, हजेरीपटावर ते गुरुजी रोज घ्यायचे, पण गावात मला त्या नावानं कोणी हाक मारली असेल तर शपथ. वेण्या सुटल्या तर पास्टरच्या पोरीच्या वेण्या सुटल्या. जोरात हसले तर पास्टरची पोरगी दात काढते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरायची, दिवसभर जत्रा आणि मग नाटक. अख्खं गाव जायचं. माझ्या वर्गातल्या पोरी महिनाभर नाटकातल्या खलनायकाची नक्कल करायच्या आणि मी मठ्ठासारखी बघत राहायचे, कारण मंडळीतल्या बाकी पोरांना परवानगी होती, मला नव्हती. मी काय केलं होतं? काही नाही. बाबांच्या पोटी जन्मले होते.

हे सगळं मी सहन केलं असतं. खरंच. झाकणं, वेण्या, मंडई, सगळं. जे सहन झालं नाही ते वेगळं आहे.

मी बारा संपून तेराव्यात होते. रोज संध्याकाळी आम्ही तिघं मिळून प्रार्थना करायचो. बाबा डोळे मिटले की त्यांचा चेहरा बदलायचा, कोणीतरी समोर बसलंय आणि ते त्याच्याशी बोलताहेत असं दिसायचं. आईचंही तसंच. मी डोळे मिटायचे आणि मला अंधार दिसायचा. मी खूप प्रयत्न केला. एकटीनं केला, गुडघे टेकून केला, चर्चमध्ये कोणी नसताना जाऊन केला. काही नाही. मला वाटायला लागलं माझ्यातच काहीतरी खोट आहे. शेवटी एका शनिवारी बाबा अंगणात सायकलची चेन साफ करत होते तेव्हा मी त्यांच्यापाशी जाऊन बसले.

“बाबा, मी प्रार्थना करतो तं मले काहीच वाटत नाही,” मी म्हटलं. आमच्याकडं पोरीही ‘करतो’च म्हणतात. “तिकडं कोणी हाये असं वाटतच नाही.”

बाबांनी चेन सोडली, हात पुसले. रागावले नाहीत. “बरं केलं सांगितलं, बेटा,” म्हणाले. “अशी गोष्ट मनात नको ठेवू. माह्यापाशी ठेव.” माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, ऑइलचा वास येत होता. मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी दोनदा वाढून घेऊन जेवले.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा व्यासपीठावर चढले. घरी ते आमच्यासारखंच बोलायचे, मले-तुले करत. व्यासपीठावर मात्र त्यांची भाषा पुस्तकी व्हायची. त्या पुस्तकी भाषेत ते म्हणाले, “प्रियजनहो, कालच एका लेकराने मला येऊन सांगितले की प्रार्थना करताना त्याला काहीही जाणवत नाही. विचार करा, विश्वासाच्या घरात वाढलेले लेकरू.”

मंडळीत बावीस घरं. बाबांना एकच लेकरू. माना वळायला वेळ लागला नाही. बायांच्या बाजूनं एक ‘च्च’ आला. मी पायातल्या चपलेकडं बघत बसले, अंगठ्याजवळ तुटलेली होती ती. बाबा पंचवीस मिनिटं त्या लेकराच्या कोरड्या हृदयाबद्दल बोलले. फार सुंदर बोलले, असं नंतर सगळे म्हणाले.

जेवताना मी ताट सरकवलं. बाबांना कळेना काय झालं. “मी तुह्यं नाव कुठं घेतलं?” ते म्हणाले. आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे मला आज जास्त चीड आणतं. पाळकाला दर रविवारी काहीतरी उदाहरण लागतं. घरात एक लेकरू फुकट मिळालेलं असतं. त्याच्या खोटं बोलण्याची, रडण्याची, ताप येण्याची, सगळ्याचीच उदाहरणं होतात. मी त्यांना पुन्हा कधीच काही सांगितलं नाही. परीक्षेत नापास झाले तरी नाही, लग्न ठरवलं तेव्हाही आईला आधी सांगितलं.

आता यात मंडळीचे सेक्रेटरी येतात. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून लवकर निवृत्ती घेऊन गावी परत आलेले, शिस्तीचे. दर तीन वर्षांनी मंडळी मत द्यायची, आहे तो पाळक ठेवायचा की दुसरा बोलवायचा. त्या वर्षी ते मतदान होतं. एक दिवस ते ओसरीवर बसून चहा पिता पिता म्हणाले, “पास्टर साहेब, लोक म्हणून राहिले, पास्टर दुसऱ्याच्या लेकराले पाण्यात घेते अन् सोताच्या घरचं लेकरू तसंच हाये. वरून त्या दिवसचा उपदेश. माणसं बोलणारच ना.”

मी दाराआड होते. बाबांचा आवाज आला, “तिचं वय होऊ द्या.”

“तेरा झाले. माह्या पोराचं बाराव्या वर्षी झालं. मी काय म्हणतो, मतदानाच्या पहिले होऊन गेलं तं बरं.”

मी दाराआड उभी राहून वाट बघत होते, आता म्हणतील, तिला विचारतो. आता म्हणतील, ज्याला विचारलं नाही त्याची आंघोळ होते. चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला आणि बाबा म्हणाले, “ठीक हाये. लिहा नाव.”

मग सगळं भराभर झालं. आईनं तिच्या पांढऱ्या साडीचा माझ्यासाठी झगा शिवला. मंडळीसमोर द्यायची साक्ष बाबांनीच लिहून दिली, दीड पान, त्यांच्या व्यासपीठाच्या भाषेत. ‘मी पापी होते व अंधारात चालत होते.’ मी तेरा वर्षांची होते, कोणत्या अंधारात चालणार? शाळा आणि चर्च यातलं अंतर दोनशे पावलं होतं. मी ती साक्ष पाठ केली आणि रविवारी म्हणून दाखवली. सेक्रेटरींनी विचारलं, “हिला स्वीकारायला कोण कोण तयार आहे?” सगळे हात वर गेले. पाळक कधी हात वर करत नसतो, तशी रीत आहे, म्हणून बाबा खाली बघत उभे होते. माझ्याबद्दल त्या खोलीत सगळ्यांचं मत घेण्यात आलं. एक मी सोडून.

मला देवाचा राग नव्हता, हे इथं सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी तेवढंच धरून बसेल. मला नको होतं असंही नाही. मला अजून माहीत नव्हतं. मला वेळ हवा होता, बस एवढंच. कधीतरी माझं हो माझ्या आतून येईल, तेव्हा मी स्वतः चालत जाईन, असं मला वाटायचं. ते हो माझ्याजवळची एकच गोष्ट होती जिचं झाकण कोणी उचललं नव्हतं.

माझी एक मैत्रीण होती, वर्गात माझ्या शेजारी बसायची. तिचं घर बौद्ध. तिचे आबाजी तरुणपणी दीक्षा घ्यायला नागपूरला गेले होते. त्यांना ती गोष्ट सांगायला आवडायची, आणि दर वेळी ते म्हणायचे, “मले कोणी नेलं नाही. मी माह्या मनानं गेलो.” मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिनं चिंच चोखत विचार केला.

“पाण्यात इचारतेत ना तुमच्यात?” ती म्हणाली.

“इचारतेत.”

“मंग तवा नाही म्हण ना. सोपं हाये.”

इतकं सोपं होतं ते. मला आधी सुचलंच नव्हतं. प्रश्न तर विचारावाच लागतो, बाबा कोणालाही विचारल्याशिवाय पाण्यात घालत नाहीत. ते विचारतील आणि मी म्हणेन, “नाही, बाबा, अजून नाही.” आठवडाभर मी तेवढंच घोकलं. साक्षीपेक्षा जास्त घोकलं. भीती वाटायची, पण रागही इतका होता की भीती पुरत नव्हती.

तो दिवस मला तपशीलवार आठवतो. हिवाळा संपत आला होता, तलावाचं पाणी काठापासून जरा मागं सरलं होतं आणि चिखलावर फळ्या टाकल्या होत्या. मंडळी काठावर गाणी म्हणत उभी. पलीकडं कोणीतरी म्हशी धूत होतं, तेही थांबून बघायला लागलं. माझी मैत्रीण बांधावर येऊन उभी राहिली होती, तिच्या धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन.

आम्ही चौघं होतो. माझ्या आधी तिघं. बाबा पाण्यात उभे, पांढरा सदरा पोटाला चिकटलेला. पहिल्याला विचारलं, “तू हे स्वतःच्या मनाने करत आहेस काय?” त्यानं हो म्हटलं. दुसरी, मंडळीतली एक सून, तिलाही विचारलं. तिसऱ्या म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं, तर बाबांनी त्याच्या कानाशी वाकून दोनदा विचारलं. दोनदा. मग मला हात केला.

पाणी थंडगार होतं आणि तळाचा गाळ बोटांत शिरत होता. मी बाबांसमोर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, मुद्दाम बघितलं, तोंडात ते चार शब्द तयार धरून. त्यांचे ओठ उघडले, मिटले. मग त्यांनी एक हात माझ्या पाठीमागं घातला, दुसरा माझ्या जोडलेल्या हातांवर ठेवला आणि एकदम म्हणाले, “पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो.” आणि मी पाण्याखाली.

माझं तोंड बोलण्यासाठी उघडं होतं. तलावाचं पाणी नाकातोंडात गेलं. वर आले तेव्हा मी खोकत होते, गाणं सुरू झालं होतं, आणि लोक म्हणाले पास्टरच्या पोरीला भरून आलं.

बाबांनी प्रश्न गाळला हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. आईच्या आलं. तिनं काठावर माझ्याभोवती टॉवेल गुंडाळला, घट्ट, आणि माझ्या कानात म्हणाली, “आता चूप राह्य.” बांधावर माझी मैत्रीण हात हलवून विचारत होती, काय झालं? मी तिला काय सांगणार होते? पुढच्या महिन्यात मंडळीनं मत दिलं आणि बाबा पाळक म्हणून कायम राहिले.

मी सत्तावीस वर्षं गप्प राहिले. शिकले, मास्तरीण झाले, जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी असलेल्या माणसाशी लग्न केलं, क्वार्टरमध्ये संसार मांडला. चर्चला जात राहिले. हो, जात राहिले, आणि पुढं कधीतरी प्रार्थनेत मला थोडं काही जाणवायलाही लागलं. पण प्रत्येक वेळी मध्ये ते तलावाचं पाणी यायचं. माझं हो द्यायचं कुठं? ते तर माझ्या नावावर आधीच देऊन झालं होतं. आई गेली, तिलाही मी विचारलं नाही. आणि आता ग्रुपवर चौथं नाव.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मुलीला स्कूटीवर मागं बसवलं आणि गाव गाठलं. बाबा आता चर्चजवळच दोन खोल्या बांधून राहतात. आता तलावावरही कोणी जात नाही, चर्चमागं सिमेंटचा हौद बांधलाय. बाबा खुर्चीवर बसून चहा पीत होते. मी चप्पल न काढताच म्हटलं, “बाबा, हिचं नाव कोणाले इचारून दिलं?”

ते गोंधळले. “माह्या हातानं व्हावं असं वाटलं. माहे किती दिवस राहिले आता. नवा पास्टरबी म्हणाला, तुमीच करा.”

“हिले इचारलं?”

ते मुलीकडं वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, “तुले पाहिजे का बेटा बाप्तिस्मा?”

माझी मुलगी दारातल्या मांजराला चुचकारत होती. ती म्हणाली, “नाही आबाजी. अजून नाही.”

“बरं,” बाबा म्हणाले. चष्मा लावला, मोबाईल घेतला आणि ग्रुपवर बोलून टाकलं, चौथं नाव माझ्या चुकीनं आलं, ते काढावं. मुलगी मांजराच्या मागं अंगणात गेली. चहा अजून गरम होता.

मला आनंद व्हायला हवा होता. माझा मात्र संताप संताप झाला. इतकंच होतं? एक ‘बरं’? तेरा वर्षांच्या पोरीनं माझेच शब्द उच्चारले, मी घोकून घोकून तलावात नेलेले, आणि आकाश कोसळलं नाही, कोणी मेलं नाही. मग मला का नाही?

“मले काहून नाही इचारलं?” मी म्हटलं.

कुठं, केव्हा, असं काही त्यांनी विचारलं नाही. म्हणजे त्यांनाही ते पाठ होतं.

“विसरले असाल म्हणून मी सोताले समजावलं,” मी म्हटलं. “किती वर्षं समजावलं.”

“विसरलो नोतो,” बाबा म्हणाले. “तुह्या तोंडावर दिसलं मले. तू नाही म्हणणार होती.”

“मंग?”

“मंग तुले घेऊन वापस काठावर यावं लागलं असतं. सगळ्यांसमोर. समोर मतदान होतं. घर मंडळीचं होतं. तुही आई कुठं गेली असती?”

“आईवर नका ढकलू,” मी म्हटलं. “ज्याला इचारलं नाही त्याची काय होते, बाबा? तुमीच सांगत होते ना. सांगा. लोक हसत होते त्याच्यावर.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलंही नाही. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू. मी जाण्यासाठी वळले तेव्हा ते म्हणाले, “आता इचारू का?”

“इचारा.”

“तवा तुह्या मनानं होतं का ते?”

“नाही,” मी म्हटलं. सत्तावीस वर्षं तोंडात धरलेलं ते नाही शेवटी बाहेर पडलं, आणि आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला.

“बरं,” बाबा म्हणाले. “मंग तो बाप्तिस्मा झाला नाही. रजिस्टरातून काढावा लागते. रविवारी सभा हाये, तू येजो.” आणि थोड्या वेळानं, “यायचं नसन तं नको येऊ.”

मी गेले. उपासनेनंतर सभासदांची सभा झाली. बाबा काठी टेकत उभे राहिले, आणि या वेळी पुस्तकी भाषा त्यांनी वापरली नाही. “मी माह्या पोरीले पाण्यात प्रश्न इचारला नोता. जाणून नाही इचारला. तो बाप्तिस्मा खोटा हाये, अन् पाप माहं हाये. तिचं नाव काढा. तिले वाटन तवा ती येईन, नाही वाटलं तं नाही.”

सेक्रेटरी तेच अजून, आता दातांची कवळी लावलेले. ते म्हणाले, “पास्टर साहेब, वय झालं तुमचं. तुमच्या हातानं शंभर लोकांचा बाप्तिस्मा झाला, आता असं बोलाल तं त्या सगळ्यांचं काय समजायचं?” मग मंडळीकडं वळून म्हणाले, “ठराव आलाच आहे तर मत घेऊन टाकू. जिच्याबद्दल ठराव आहे तिनं हात वर करायचा नाही. नाव काढावं असं कोणाला वाटतं?”

मी शेवटच्या बाकावर बसले होते, त्यांच्यापासून दहा हातांवर. मला तेव्हाही कोणी काही विचारलं नाही.

हात वर गेले नाहीत. झाकणं उचलणाऱ्या दोन-तीन बाया अजून होत्या, त्या मांडीवरच्या पुस्तकात बघत होत्या. आयुष्यात कधी मतदानात हात वर न केलेले माझे बाबा, त्यांनी काठी बाकाला टेकवली आणि एकट्यानं हात वर केला. सेक्रेटरी म्हणाले, “एक मत. ठराव पडला. बसा आता, पास्टर साहेब.” माझं नाव अजून त्या रजिस्टरात आहे. बाबा बसले नाहीत. सेक्रेटरींनी दुसऱ्यांदा बसा म्हटलं, नव्या पास्टरनं समारोपाची प्रार्थना सुरू केली, लोकांनी डोळे मिटले, तरी त्यांचा हात वरच होता.